एका माणसाचं सामान

माणसं परदेशात जातात आणि साबण घेऊन येतात. साबण, पेस्ट, बाम, भांडी घासायचं लिक्विड. जणू काही मारेगावात आजवर कोणी दात घासलेच नव्हते. आमच्या सहलीतल्या एका गुरुजींनी तर बँकॉकहून संडास साफ करायच्या बाटल्या कोटात गुंडाळून आणल्या. त्यातली एक बॅगेत फुटली आणि कोट निळा झाला. तरी गुरुजी लग्नाकार्यात तोच कोट घालतात आणि कोणी न विचारता थायलंडचा किस्सा सुरू करतात.

मी देवराव. एसटीत कंडक्टर होतो, वणी आगाराला. सारी नोकरी लोकांच्या बोचक्यांवरून भांडण्यात गेली, त्यामुळं कोण काय घेऊन कुठं चाललंय हे बघायची मला सवय. स्वभाव तापट आहे, हेही आधीच सांगून टाकतो. आणि भूतखेत, देवऋषी, उतारा असलं काही आमच्या घरात चालत नाही. माझ्या बापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव टोपल्यात भरून नदीला दिले होते. म्हणून हे सगळं सांगताना माझी मलाच चीड येते.

थायलंडची सहल वणीच्या अमर सरांनी काढली होती. विहारं बघायची, बुद्धमूर्तींचं दर्शन घ्यायचं, जमलं तर बाजार. माझी बायको तुळसाबाई यायला तयार नव्हती. तिला घर सोडून कुठंच जायचं नसायचं, कारण आमचा कपिल कधीही परत येईल आणि दाराला कुलूप बघून माघारी फिरेल, अशी तिला धास्ती होती.

कपिल आमचा एकुलता एक. पोलीस भरतीची तयारी करायचा, पहाटे उठून करंजी रोडवर धावायचा. करोनाच्या आदल्या दिवाळीनंतर एक दिवस घरी येऊन म्हणाला, ‘लागलो.’ तुळसाबाईनं साऱ्या वॉर्डात पेढे वाटले. मग पोरगा कपडे, टॉवेल, चपला, सगळं पत्र्याच्या पेटीत भरून ट्रेनिंगला म्हणून निघाला. त्याला वणीच्या गाडीत खिडकीजवळ जागा धरून मीच बसवलं. काही दिवस फोन आले, मग फोन बंद झाला. मी ट्रेनिंगच्या ठिकाणी गेलो तर तिथं त्याचं नावच नव्हतं. तो भरतीत लागलाच नव्हता. आम्हाला खरं सांगायची त्याला लाज वाटली आणि त्या लाजेपायी पोरगा नाहीसा झाला. पुढं करोना आला, तेव्हा तर कोण कुठं गेलं याचा कोणालाच पत्ता नव्हता.

नातेवाईक हळूहळू बोलू लागले. माणूस गेल्यावर आमच्यात पुण्यानुमोदन करतात. भंतेजी गाथा म्हणतात, त्याच्या नावानं दान देतात, चार लोक जेवतात आणि मागे राहिलेली माणसं मन घट्ट करून कामाला लागतात. माझ्या साळ्यानं एकदा तेवढं कपिलचं उरकून घ्या म्हटलं. तुळसाबाईनं त्याच्या पुढ्यातली चहाची बशी उचलून नेली.

“माहा पोट्टा जिता हाये,” ती म्हणाली. “जित्या मानसाचं पुण्यानुमोदन करतेत काय? पुन्हा असं बोलाचं असन तं माह्या घरी येऊ नोको.”

शेवटी शेजारच्या मथुराबाईनं आमच्या घरी मुक्काम करायचं कबूल केलं, तेव्हा कुठं तुळसाबाई विमानात बसली. तिकडं गेल्यावरही तिचं अर्धं लक्ष माणसांकडं. विमानतळावर, बाजारात, कपिलच्या अंगलटीचा कोणी दिसला की ती थांबायची. मीही तेच करत होतो.

एका विहारात आम्ही पहिल्यांदा त्या बादल्या पाहिल्या. पाण्याच्या बादलीएवढीच प्लास्टिकची पिवळी बादली, आत साबण, पेस्ट, टॉवेल, चहाची पाकिटं असं घरगुती सामान खच्चून भरलेलं आणि वरून पिवळा चकचकीत कागद. लोक ती दुकानातून घ्यायचे, भंतेंच्या पुढं ठेवायचे आणि भंते गाथा म्हणत असताना छोट्या तांब्यातून वाटीत पाण्याची धार सोडायचे. गाथा ऐकून मी सावध झालो. उच्चार वेगळा होता, पण आपल्याकडं पुण्यानुमोदनाला म्हणतात त्याच होत्या. म्हणजे हे गेलेल्या माणसाच्या नावचं दान होतं. माझ्यापुढं एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर एका तरण्या पोराचा फोटो होता आणि धार सोडताना ती इतकी रडत होती की अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. त्यांच्यात लुगडं नसतं, पण मला ते लुगडंच वाटलं. तिच्या बादलीत निळ्या पट्ट्यांच्या चपला दिसत होत्या.

बाहेर आलो तर गंमत. त्याच बादल्या मागच्या दारानं निघून पुन्हा दुकानाच्या फळीवर चढत होत्या. मला हसू आलं. आपल्याकडं देवळापुढचे नारळ असेच फिरतात. वाहायचा पुढून, विकायचा मागून.

“पाय, इथंबी आपल्यासारखेच लोक हायेत,” मी तुळसाबाईला म्हटलं.

तिचं लक्ष नव्हतं. ती एका बादलीला नाक लावून कागदातून आत बघत होती.

“ह्या बादलीत सारं येकाच मानसाचं हाये,” ती म्हणाली. “पाहा ना. येक बरश, येक टावेल, येक साबन, दाढीचा वस्तरा, चपलीचा जोड. कपिलनं आपलं सारं पेटीत नेलं. उद्या तो आला तं त्याले आंग पुसाले काय द्याचं?”

“अवं, हे दान केलेलं हाये. कोनाच्या तरी नावचं.”

“दान केलं म्हनजे त्याहिनं हात सोडला. आता आपन इकत घेतो, आपल्या पोट्ट्याच्या नावचं करतो.”

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणं पटलंही. मी बोटांवर भाव केला आणि बादली घेतली. चपलांना निळ्या पट्ट्या होत्या. पण फळीवरच्या निम्म्या बादल्यांत तसल्याच चपला होत्या, त्यामुळं ती म्हातारीचीच होती असं मी म्हणणार नाही.

घरी आल्यावर तुळसाबाईनं इतरांसारखं सामान वाटत बसायचं सोडून बादली थेट न्हाणीत नेली. आमची न्हाणी मागच्या अंगणात आहे, पत्र्याच्या दाराची, आतून कडीची. तिनं खुंटीला तो पिवळा टॉवेल अडकवला, भिंतीतल्या दिवळीत साबण ठेवला, स्टीलच्या पेल्यात ब्रश आणि पेस्ट उभी केली आणि चपला दारापाशी मांडल्या. मग मला ताकीद दिली.

“हे कपिलचं हाये. तुमी हात नोका लावू.”

मी कशाला हात लावतो? माझा आपला लाल साबण मला पुरे. पण काही दिवसांनी तिनंच मला फैलावर घेतलं.

“सांगतलं होतं ना, त्याचा साबन घेऊ नोका म्हनून!”

दिवळीतला साबण ओला होता. वरची अक्षरं पुसट झाली होती.

“मी नाही घेतला.”

“मंग कोनं घेतला? मी?”

त्यावरून आमची चांगलीच जुंपली. मला वाटलं तिनंच मोहानं एकदा लावून पाहिला असेल आणि आता माझ्यावर ढकलते आहे. दुसऱ्या दिवशी ब्रश ओला. त्याच्या पुढच्या दिवशी टॉवेल दमट. टॉवेलाला गवती चहाचा वास येत होता आणि त्या वासाखाली आणखी एक वास होता, बंद खोलीतल्या विझलेल्या मेणबत्तीचा. मी तो टॉवेल दोनदा हुंगला आणि मग हात धुऊन आलो.

ज्या सकाळी मी ते ऐकलं, त्या सकाळी ऊन चांगलं अंगणात आलं होतं. माझी आंघोळ झाली होती. मी बाजेवर पेपर वाचत होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुळसाबाई भाकरी थापताना मला सरळ दिसत होती. आणि न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता.

एक मग पाणी. थोडं थांबणं. पुन्हा एक मग. कोणीतरी सावकाश, पाणी जपून, आंघोळ करत होतं.

मी उठलो, न्हाणीपाशी गेलो. दार आतून लावलेलं होतं. पत्र्याखालच्या फटीतून पाणी बाहेर येऊन माझ्या पायाला लागलं, ते थंडगार होतं. मी अजून दारावर हातही ठेवला नव्हता तोच आतला आवाज थांबला. जे कोण होतं ते कान देऊन माझी चाहूल घेत होतं, हे मला नक्की कळलं. मी दार वाजवलं नाही. घाबरलो, दुसरं काय.

“होऊ द्या त्याची आंघोळ,” खिडकीतून तुळसाबाई म्हणाली. तिनं मानही वर केली नव्हती. “तुमी उगा दारात उभे राहू नोका. त्याले लाज वाटते.”

मी बाजेवर येऊन बसलो. पेपरात बघितलं की वर बघावंसं वाटायचं आणि वर बघितलं की दाराची भीती वाटायची. थोड्या वेळानं दार उघडंच दिसलं. आत कोणी नव्हतं. फरशी ओली होती आणि चपलांची तोंडं घराकडं होती.

आता कोणी म्हणेल, देवराव, त्याच दिवशी ती बादली उचलून उकिरड्यावर का नाही फेकली? त्यानं आमची तुळसाबाई बघायला हवी होती. तिनं डोक्याला तेल लावलं. पेटीतली हिरवी साडी काढली. सकाळी उठून ती जात्यावरच्या बायांसारखं गुणगुणू लागली आणि मला म्हणू लागली की वांगी चांगली बघून आणा, कपिलला बियांची वांगी आवडत नाहीत. एवढी वर्षं घरात एक बाई नुसती दाराकडं तोंड करून बसली होती. ती आता घरात वावरू लागली होती. तिला परत त्या दारात बसवायची माझी छाती झाली नाही. आणि तो आमचा नव्हता, हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं.

कारण कपिलची आंघोळ सारा मोहल्ला ओळखायचा. बदाबदा पाणी अंगावर ओतायचा, बाहेर उडवायचा, आणि ओल्या अंगानंच बाहेर यायचा. पाणी जपणं त्याला माहीतच नव्हतं. आतला जो होता तो पाण्याचा मग अलगद भरायचा आणि अलगद सोडायचा. त्याला कोणीतरी वेगळ्या घरात वाढवलं होतं.

तुळसाबाई त्याला ताट वाढू लागली. मधल्या खोलीत ताट ठेवायची, दार ओढून घ्यायची आणि आम्ही स्वयंपाकघरात जेवायचो. ताट जसंच्या तसं परत यायचं. अन्न टाकायचं कसं, म्हणून एकदा मी त्यातली भाजी खाल्ली. तिला कसलीच चव नव्हती. मीठ नाही, तिखट नाही, तेलही लागेना. त्याच कढईतली माझ्या ताटातली भाजी झणझणीत होती. तुळसाबाई मात्र ते उरलेलं रोज आनंदानं खायची.

मी माझ्या परीनं परीक्षा घेतली. दिवळीत त्या साबणाशेजारी माझा लाल साबण ठेवला, नवा कोरा. तो कोरडाच राहिला, त्याच्यावर धूळ बसली. तिकडचा साबण तेवढा रोज झिजत होता. जो येत होता तो फक्त त्याच्या नावानं दिलेलं वापरत होता.

साबण झिजतोय हे तुळसाबाईच्याही लक्षात आलं. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. तिनं अमर सरांना फोन केला.

“सर, पुन्हा कधी नेता आमाले तिकडे? नाही, दर्शन झालं जी. साबन संपून राह्यला.”

सर हसले. तिला हसण्यासारखं काही वाटलं नाही. मग साबणाचा कागद घेऊन मी वणीची सगळी दुकानं पालथी घातली, यवतमाळला जाऊन आलो. प्रत्येक दुकानदार गवती चहाचा म्हणून काहीतरी पुढं करायचा आणि मी वास घेऊन परत करायचो. एकानं विचारलं, काका, एवढं काय आहे त्या साबणात? मी त्याच्यावर भडकलो. त्या गरिबाचा काही दोष नव्हता.

असा हात हलवत परत आलो तेव्हा मथुराबाई माझी वाट बघत गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ती बाई कोणाला भीत नाही. दारुड्या नवऱ्याला तिनं बाजेला बांधून ठेवलं होतं.

“देवरावभाऊ, मले आता तुमच्या घरी येववत नाही,” ती म्हणाली. “काल तुमी दोघं अंगनात होते. मी समोरून आली, तं घराच्या मधातून कोनी तरी खाकरलं. मी म्हटलं भाऊच हायेत. आवाज देला. तं त्यानं ओ देली ना, भाऊ! माह्या आवाजात देली. मी जशी ‘भाऊ’ म्हटलं तसंच, ‘भाऊ’ म्हटलं.”

बादलीचं सगळं तुळसाबाईनं तिला सांगितलंच होतं.

“ज्याचं सामान हाये त्याच्या नावानं विहारात देऊन टाका,” ती म्हणाली. “पुण्यानुमोदन करा त्याचं. वाटे लावा त्याले.”

“त्याचं नाव कोनाले माहीत हाये?”

“नाव नसन माहीत, पन तो तुमचा नाही हे तं माहीत हाये ना?”

मी घरी येऊन सरळ न्हाणीत गेलो, टॉवेल ओढला, ब्रश, पेस्ट, वस्तरा, सगळं बादलीत कोंबलं. तुळसाबाई दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर मी ऐकलं नसतं.

“येकदा तुमी त्याले गाडीत बसवून देलं,” ती म्हणाली. “खिडकीपाशी जागा धरून देली. आता दुसऱ्यांदा घराबाहेर काढता काय?”

मी बादली खाली ठेवली. सगळं सामान परत जागच्या जागी लावलं, चपलासुद्धा. मला तुळसाबाईचा राग आला नाही. माझा आला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलायला लागली. न्हाणीच्या दाराबाहेर पाट टाकून बसायची, तांदूळ निवडायची आणि आत पाणी पडत असताना सांगत राहायची. तुझा मामा राळेगावचा, त्याच्या शेतात तुला विंचू चावला होता. तू शाळेतून येताना बोरं खिशात आणायचा, धुण्यात सगळे डाग. तुझ्या बाबांनी तुला एकदाच मारलं आणि रात्री तेच रडले. ती बोलायला लागली की आतला मग थांबायचा. मी दुरून ऐकायचो आणि मला वाटायचं, ही बाई काय करते आहे हे तिला कळत नाही. ती त्याला कपिल शिकवत होती.

“तुले तं केवढी घाई राह्याची रे आंघोळीची,” एकदा ती हसत म्हणाली. “मोहल्ला भिजवे तू. आता काहून इतका हळू हळू?”

दुसऱ्या दिवशी मी बाजेवर होतो. न्हाणीची कडी आतून लागली. आणि मग पाणी बदाबदा पडलं. एकामागून एक, दम न घेता. पत्र्यावर उडालं, फटीतून अंगणात आलं. डोळे मिटले तर आत माझा मुलगा होता.

आणि मला बरं वाटलं. कितीतरी वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. हे मी लपवत नाही. तो कोणाचा का असेना, असू दे, असं माझ्या मनात आलं. साबण आता पानाएवढा पातळ राहिला होता आणि मी माझ्या मनात म्हणत होतो, पासपोर्ट आहे, पुन्हा जाऊ, दहा बादल्या आणू.

त्याच आठवड्यात कपिल आला.

सकाळची वणीची गाडी येऊन गेली होती. मी दारात उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी एक दाढीवाला माणूस रेग्झिनची बॅग घेऊन थांबला, दोन पावलं पुढं आला, पुन्हा थांबला. केस विरळ झालेले, खांदे पडलेले. मी त्याला ओळखलं नाही. मग तो चालायला लागला आणि मी ओळखलं, कारण तो डावा पाय किंचित बाहेर टाकतो, माझ्यासारखा.

“जय भीम, बाबा,” तो म्हणाला आणि माझ्या पाया पडायला वाकला तो वाकलेलाच राहिला. “सुरतेत होतो. मिलमधी. तोंड दाखवाची हिंमत नोयती होत, बाबा.”

मी त्याला उठवलं. त्याच्या अंगाला गाडीचा, घामाचा, तंबाखूचा वास येत होता. मी त्याचं डोकं माझ्या छातीशी धरलं आणि ओरडलो, “अवं, बाहेर ये! कोन आलं पाय!”

आमचं घर समोरून मागं सरळ आहे. पुढच्या दारातून मागचं अंगण दिसतं. तुळसाबाई हाताला पीठ लागलेलं तशीच अंगणातून आत आली. तिनं कपिलकडं पाहिलं. नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत.

“कोन पायजे, भाऊ?”

“माय, मी.” कपिल एक पाऊल पुढं आला. “मी कपिल.”

तिनं पिठाचं बोट ओठांवर ठेवलं.

“हळू बोल,” ती म्हणाली. “कपिल आंघोळ करून राह्यला.”

मागून पाणी ऐकू येत होतं. बदाबदा, एकामागून एक, मोहल्ला भिजवणारं. कपिल बॅग खाली ठेवून ऐकू लागला. स्वतःची आंघोळ माणूस बाहेरून कधी ऐकत नाही, पण त्यानं ती ओळखली असावी.

“बाबा, मधात कोन हाये?”

त्या घडीला मी दोघांकडं बघत होतो. एक दारात उभा, थकलेला, खोटं बोलून गेलेला, माझ्या बायकोला परका. एक आत, तिच्या प्रत्येक शब्दाला कान देणारा. मी बाप असून मला विचार करावा लागला. मग कपिलनं लहानपणी धरायचा तसा माझा सदरा मागून धरला, आणि माझा विचार संपला.

मी अंगणात गेलो. न्हाणीच्या दारावर पहिल्यांदा हात ठेवला. पत्रा गार होता आणि पलीकडून कोणीतरी हात ठेवल्यासारखा थरथरत होता. पाणी थांबलं.

“बापू,” मी म्हणालो. राग करणार होतो, पण आवाज तसा निघाला नाही. “तू कोनाचा हायेस मले नाही माहीत. तिकडे तुह्या मायनं तुह्या नावानं पानी सोडलं. माह्यासमोर सोडलं, लय रडे ती. तिचं तुले पोचू देलं नाही आमी. आमच्या घरी तुले दुसऱ्याच्या नावानं हाक मारली. आता माहा पोट्टा घरी आला. तू जाय, बापू. तुह्या नावानं विहारात देतो सारं.”

आत कोणीतरी खाकरलं, अगदी माझ्यासारखं. कडी सरकली. दार माझ्याकडं हळूच उघडलं आणि गार, गवती चहाच्या वासाचा वारा माझ्या अंगावरून, तुळसाबाईच्या अंगावरून, घरातून सरळ पुढच्या दारानं बाहेर गेला. जाताना कपिलजवळ थांबला असावा, कारण कपिल भिंतीला टेकला.

तुळसाबाई मला ढकलून न्हाणीत शिरली. तिनं टॉवेल ओढून पाहिला, बादली उलटी केली, दारामागं पाहिलं. मग तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि तिनं हंबरडा फोडला.

“कपिल! अरे माह्या कपिल! कुठं गेला रे मले सोडून!”

मेलेल्या माणसासाठी बाई रडते तसं ती रडत होती, छाती पिटून, एकेक आठवण काढून, विंचवाची, बोरांची. कपिल धावत जाऊन तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला, तिचे हात धरायला लागला. “माय, मी इथं हावो. माय, पाय ना माह्याकडे.” तिनं त्याचे हात झटकले आणि पुन्हा त्याच्याच नावानं टाहो फोडला. मी दोघांच्या मधे उभा होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

रडणं ऐकून गल्लीतल्या बाया धावत आल्या. पुढं मथुराबाई. त्यांनी डोळ्याला पदर लावला, दोघीतिघी तुळसाबाईला सावरायला बसल्या, आणि एकीनं बाजूला उभ्या त्या दाढीवाल्या माणसाला पाव्हणा समजून हळूच विचारलं,

“कोन गेलं, भाऊ?”

कपिल माझ्याकडं बघत राहिला.